आता बसू?

माणसाला त्याच्या चालण्यावरून ओळखायची सिप्पोरा पेझारकरला इतकी सवय होती, की रीडिंगला गाडीतून उतरल्यावर शेवटच्या डब्याशी चाललेली गडबड तिनं पाहिली, त्या गडबडीतली मुलगीही पाहिली, आणि तरी ती आपलीच मुलगी आहे हे लक्षात यायला तिला वेळ लागला. गार्डच्या डब्याची रुंद दारं उघडली होती. आतून टपालाच्या गोण्या, एक सायकल, फुलांची लांबट खोकी असं काहीबाही खाली उतरत होतं, आणि त्या सगळ्या सामानाच्या मधोमध, दोन हमालांनी दोन बाजूंनी धरलेली एक चाकांची खुर्ची. फलाटावर टेकताना खुर्ची एकीकडे कलली, तशी खुर्चीतली मुलगी इंग्रजीत ओरडली, "जपून रे बाबांनो, आत अंडी आहेत!" हमाल हसले. तीही मान मागे टाकून हसली. एवढं मोकळं हसणारी कोण ही, असं सिप्पोराच्या मनात आलं, आणि मग मागे पडलेले ते केस, कानामागचा तो तीळ, हे सगळं एकदम जागच्या जागी येऊन बसलं. ती सिमा होती. सिमाला ती शेजारच्या खोलीतून ओळखायची. उजवं कंबरडं वर उचललं जायचं, डावा पाय अर्धवर्तुळात फिरून पुढे यायचा, लोखंडी पट्ट्यांचा बूट जमिनीवर ठक् वाजायचा, मग काठी. ती चाल सिप्पोरानंच घडवलेली होती, कुंभारानं मडकं घडवावं तशी, वर्षानुवर्षं थापटून. ती चाल काढून घेतली, तर उरलेली मुलगी तिला अनोळखी वाटत होती.

तिच्या हातातल्या पिशवीत चिकाच्या हलव्याचा डबा होता. उद्यापासून नव्याचा सण, यहुद्यांचं नवं वर्ष, म्हणजे आज संध्याकाळी दिवे लागले की सुरूच. सिमा घरी येणार नव्हती. पाय दुखतात, बस बदलाव्या लागतात, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. म्हणून परवा रात्रभर भिजवलेले गहू वाटून, चीक काढून, नारळाच्या दुधात घोटत घोटत सिप्पोरानं हलवा केला होता. हाउन्सलोच्या स्वयंपाकघरात तो मुंबईसारखा कधी जमत नाही, तरी केला होता. ऑक्सफर्डला दुपारपर्यंत काम होतं, येताना रीडिंगला उतरून सिमाच्या दारात अचानक उभं राहायचं, असा तिचा बेत होता. एरवी ती कळवून जायची, आणि कळवून गेलं की सिमा दार उघडायची ती काठी टेकून उभी राहून. दर वेळी. सिप्पोराला त्याचा केवढा अभिमान वाटायचा. आता फलाटावर उभं राहून तिला पहिल्यांदाच प्रश्न पडला, की तिनं घंटा वाजवल्यापासून दार उघडेपर्यंत जो वेळ जायचा, त्या वेळात आत काय चालत असेल.

आणि एकाच गाडीनं. ऑक्सफर्डपासून दोघी एकाच गाडीत होत्या. ती मऊ गादीवर बसून सफरचंद खात, खिडकीबाहेर बघत, सकाळच्या टाळ्या मनात घोळवत आली होती, आणि तिची मुलगी मागे, खुर्ची शिरते त्या एकाच डब्यात, सायकली-गोण्यांबरोबर.

सकाळच्या टाळ्या मात्र खऱ्या होत्या. दक्षिण इंग्लंडमधल्या इस्पितळांतल्या फिजिओथेरपिस्टांसमोर तिला बोलायचं होतं, विषय होता मुलांना पडायला शिकवणं. पन्नाशी ओलांडलेली ही ठेंगणी, गव्हाळ बाई बोलणं थांबवून चटईवर उभी राहिली आणि सरळ पुढे कोसळली. हात गुडघ्यांआधी, कोपरं सैल, मान एका बाजूला. सभागृहात कुणीतरी दचकून "ओह!" केलं. तीच हसत उठली. तिला हे जमायचं कारण तिचं शरीर तिनं कधी सैल पडू दिलं नव्हतं. रोज सकाळी कामाआधी पोहायला जायचं, हिवाळ्यातसुद्धा. इस्पितळात सायकलनं. लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचं नाही, कितीही मजले असोत. ज्यांचे पाय गेलेत त्यांच्यासाठी ती लिफ्ट आहे, असं ती नव्या मुलींना बजावायची. इस्पितळातल्या मुलांची ती 'मिसेस पी' होती. कुबड्या घेऊन आलेलं पोर पहिल्या दिवशी भिंतीला चिकटून उभं राहायचं. ती त्याला चालायला सांगायचीच नाही. "आधी पडायचं," ती म्हणायची. "पडून दाखव बघू. माझ्यापेक्षा मोठा आवाज आला तर तू जिंकलास." आणि स्वतः धबकन पडायची. मूल हसायचं, मग हळूच कुबड्या सोडायचं, चटईवर आपटायचं, आणि त्याच्या डोळ्यांत येणारा तो भाव बघायला मिळावा म्हणून ती एवढी वर्षं या देशात राहिली, असं म्हटलं तरी चाललं असतं. पडण्याची भीती गेली की अर्धं चालणं आलंच. मूल शिकतं ते आपल्या वेगानं, शिकवणाऱ्यानं फक्त वाट बघायची असते, कपाळावर आठी न आणता. हे तिनं शेकडो मुलांच्या बाबतीत पाळलं होतं.

घरचं मूल वेगळं असतं. सिमा दोन वर्षांची असताना भायखळ्याच्या घरात तिला तीन दिवस ताप होता. ताप उतरला, तेव्हा सिप्पोरा देवाचे आभार मानत तिला उभी करायला गेली आणि मुलीचे पाय ओल्या फडक्यासारखे खाली लोंबले. परळच्या इस्पितळात तेव्हा फिजिओथेरपीचा नवा कोर्स सुरू झाला होता. तिनं नाव घातलं ते एका मुलीसाठी, जगासाठी नव्हे. नवरा आयझॅक विमानतळावर मालाच्या गोदामात कारकून होता, बदलीची संधी आली तशी ती त्याला म्हणाली, "अहो, तिकडे चांगले बूट मिळतात." त्या बुटांसाठी ती माणसं इंग्लंडला आली. इथे आल्यावर तिला पुन्हा परीक्षेला बसावं लागलं, पुन्हा शिकाऊ म्हणून बादल्या उचलाव्या लागल्या. एका म्हाताऱ्यानं तिचे हात पाठीला लागताच "दुसरं कुणी नाही का?" असं सिस्टरला विचारलं होतं. तिनं ते सगळं गिळलं. संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या लिनोलियमच्या फरशीवर दुसरी पाळी सुरू व्हायची. टेबलापासून सिंकपर्यंत. सिंकपासून टेबलापर्यंत. कुकरच्या शिट्ट्या, खिडकीच्या काचेवर वाफ, आणि सिमाचा तो एकच प्रश्न, कधी रडत, कधी कंटाळून, नंतर नंतर अगदी सपाट आवाजात, "आता बसू?"

"अजून एकदा. मग बस."

ते एकदा झालं की आणखी एकदा. सिमा डगमगली की सिप्पोराचे हात आधीच तिथे असायचे. मुलगी जमिनीला कधी लागलीच नाही. शेकडो मुलांना पडायला शिकवणाऱ्या बाईनं आपल्या मुलीला मात्र एकदाही पडू दिलं नाही; चटई घालून, मीही पडते तूही पड, असं तिच्याशी कधी खेळली नाही. तिला ते सुचलंच नाही. कदाचित सुचलंही असेल, पण मुलीला पडताना बघणं तिच्यानं झालं नसतं. म्हणून सिमा चालायची ती कड्याच्या टोकावरून चालल्यासारखी, दात आवळून, आणि लोक म्हणायचे, केवढी जिद्द आहे पोरीला.

मलिद्याच्या संध्याकाळीही लोक तेच म्हणाले होते. भायखळ्याला असतानाच सिप्पोरानं एलियाहू हन्नाबी या पैगंबराला नवस बोलला होता: सिमा हातात काही न धरता स्वतःच्या पायांनी चालली, की मलिदा करीन. सिमा बारा वर्षांची झाली आणि एके दिवशी टेबलापासून सिंकपर्यंत काठीशिवाय गेली. त्याच आठवड्यात सिप्पोरानं लंडनभरातून आपली माणसं गोळा केली. प्रार्थनेला दहा पुरुष हवेत म्हणून आयझॅकनं कुठून कुठून फोन केले. समोरच्या खोलीत पोह्यांचं मोठं ताट, खोबरं, गूळ, वेलची, फळं, मेणबत्त्या. एलियाहूचं गाणं सुरू झालं, आणि नवसाप्रमाणे सिमानं जिन्याच्या पायथ्यापासून ताटापर्यंत चालत यायचं होतं. सिप्पोरा तिच्यापुढे उलटी चालत होती, हात पसरून. सगळे गात होते, टाळ्या वाजवत होते. सिमाच्या वरच्या ओठावर घाम साठला होता आणि मांडी थरथरत होती. थेरपिस्ट म्हणून ती थरथर सिप्पोराला दिसत होती आणि आई म्हणून तिनं ती पाहायची नाही असं ठरवलं होतं. ताटापाशी पोचल्यावर सोलोमनकाका रडायला लागले, बायका मुलीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायला लागल्या, कुणीतरी फोटो काढायचा म्हणालं. मूल उभंच. त्या कल्लोळात तो सपाट आवाज एकट्या सिप्पोराला ऐकू आला. "आई, आता बसू?" "एक मिनिट गं, फोटो होऊ दे." तो फोटो अजून दिवाणखान्यात आहे. त्यात सगळे सिमाकडे बघतात, आणि सिमा फोटोबाहेरच्या कुठल्यातरी खुर्चीकडे.

खुर्ची आता मिळाली होती तिला. फलाटावर सिमानं दोन्ही चाकांवर तळवे ठेवले आणि एका झटक्यात ती वळली. सिप्पोराचे डोळे सवयीनं कामाला लागले: खांद्यांचा भार समान, पाठ ताठ, मनगटं ठीक, जोर पाठीतून येतोय, कुणीतरी चांगलं शिकवलंय हिला. आणि वेग! लोकांच्या पायांमधून, पेट्यांना वळसा घालत, ती पाण्यातल्या माशासारखी येत होती. आपण पोहताना लोकांना असेच दिसत असू, असं सिप्पोराला वाटून गेलं. सिमाचं तोंड आता तिच्याच दिशेला होतं. मधे गर्दी होती. सिमाचा उजवा हात वर गेला. हमालाला करत असेल, सिप्पोरानं स्वतःला सांगितलं. हमाल मागे होता, हात पुढे होता, पण तिनं तसंच सांगितलं. तिच्या डाव्या बाजूला सामानाची लिफ्ट होती, उजव्या बाजूला पुलाचा जिना. ती उजवीकडे वळली. पिशवी छातीशी धरून, कठड्याला हात न लावता, नेहमीसारख्या भरभर पायऱ्या चढत ती पुलावर आली, पूल ओलांडून पलीकडे उतरली. स्लाऊकडे जाणारी गाडी उभीच होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. गाडी पकडायची असली की कुणी मागे वळून पाहत नाही.

स्लाऊला उतरून तिनं हाउन्सलोची बस घेतली. बसमध्ये जागा होती, ती उभी राहिली. रागाला आता वाट मिळाली होती, आणि तो काही तसा परका राग नव्हता. वीस वर्षं तो तिच्या पोटऱ्यांत, दंडांत, भल्या सकाळच्या थंड पाण्यात मुरत आला होता. कुणासाठी केलं हे सगळं? कुणासाठी तो म्हाताऱ्याचा शब्द गिळला, कुणासाठी दुसऱ्या मुलाचा विचार केला नाही? दर शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावायच्या आधी सिमाचा फोन यायचा. सिप्पोराचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती चाललीस?" आणि उत्तर, "खूप. स्टॉपपासून ऑफिसपर्यंत. मार्केटपर्यंत." त्या उत्तरावर तिचा पुढचा आठवडा निघायचा. वॉर्डात एखादी आई रडत असली, तर ती म्हणायची, माझ्या मुलीकडे बघा, स्टॉपपासून ऑफिसपर्यंत चालते. किती आयांना सांगितलं असेल. आणि कार्टी गोण्यांबरोबर हसत होती. तेच सारखं पुढे येत होतं, ते हसणं. लाजून, तोंड लपवून बसली असती, तर सिप्पोरा धावत गेली असती, जवळ घेतलं असतं, म्हणाली असती, हरकत नाही बाळ, पुन्हा सुरू करू. पण त्या हसण्यात तिच्यासाठी काही कामच शिल्लक नव्हतं. विमानतळाच्या कुंपणापाशी बसनं झोका खाल्ला, पिशवीतला डबा दांडीवर आपटला, आणि तिनं ठरवलं, आज तिचा सणाचा फोन आला की विचारायचं नाही. काही विचारायचं नाही. फक्त सणाचं बोलायचं.

घरी आयझॅकनं टेबलावर पांढरी चादर घातली होती, दिव्यांत तेल ओतलं होतं. तो पेपर वाचत बसला होता. पिशवीतून हलव्याचा डबा जसाच्या तसा बाहेर येताना बघून त्यानं चष्मा काढला.

"अगं, दिला नाहीस?"

"पाहिलं तिला. स्टेशनवर."

"मग? कशी आहे?"

"बसलेली."

आयझॅकनं पेपरची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. चौतीस वर्षांच्या संसारात तिनं या माणसाच्या हातांकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. त्यांना कधी काही झालं नव्हतं ना. आज पाहिलं.

"अहो, तुम्हाला ठाऊक होतं."

"मीच घेऊन गेलो होतो तिला, मापं द्यायला."

"कसली मापं?"

"खुर्चीची. मांडी, कंबर, पाठ. तुला सांगायला हवं का? तूच लिहून देतेस की पेशंटना."

"पेशंटना."

"तिचा खांदा गेला होता, सिप्पोरा. काठीवर सगळं वजन टाकून टाकून. ऑफिसात पेन धरवेना पोरीला. डॉक्टर म्हणाला, खांदा हवा की चालणं हवं, ते ठरवा."

"मग मला नाही सांगायचं? खांद्याचं मी केलं असतं. सहा महिन्यांत उभा केला असता खांदा. रोज थोडं थोडं, भिंतीला हात लावून—"

"म्हणूनच नाही सांगितलं," आयझॅक म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. फोन जिन्याखालच्या छोट्या टेबलावर असे, आणि सिप्पोरा तो नेहमी उभ्यानंच घ्यायची. तिनं पदर सारखा केला, जणू सिमाला दिसणार होतं.

"आई? हॅपी न्यू इयर. हलवा झाला का गं?"

"झाला."

"घट्ट झालाय की सैल? लास्ट इयर चमच्यानं खाल्ला होता आपण."

"यंदा वड्या पडल्यात."

"वा! मग माझ्या दोन वड्या ठेव. डॅडींना म्हणावं, सगळ्या संपवू नका."

मागच्या बाजूला कुणीतरी हसत होतं, रेडिओ वाजत होता, बशा एकमेकींवर आपटत होत्या. सिमाच्या या घरात आपण कधी गेलोच नव्हतो, असं सिप्पोराला वाटलं. आता काहीतरी बोलायचं होतं, सणाचं, डाळिंब मिळालं की नाही ते, आणि तिनं तोंड उघडलं तेव्हा वीस वर्षांची सवय तिच्या आधी बाहेर पडली.

"आज किती चाललीस?"

पलीकडे सिमानं फोनवर हात ठेवून कुणाला तरी रेडिओ बंद करायला सांगितलं.

"तू किती चाललीस, आई?"

"मी?"

"फलाट. मग जिना. मग पूल. मग परत जिना. मी पाहिलं ना. तुझं चालणं मला कुठूनही ओळखू येतं. डावा खांदा किंचित पुढे असतो, ठाऊक आहे तुला? आमची मीटिंग होती ऑक्सफर्डला. सेम ट्रेन, इमॅजिन! मला एवढं हसू आलं. मी हात केला."

"मला वाटलं, त्या हमालाला करतेयस."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि आपण काय बोललो ते सिप्पोराला कळलं. सिमालाही कळलं असणार, कारण तिनं एक श्वास घेतला तो फोनमधून स्पष्ट ऐकू आला.

"म्हणजे दिसला तुला."

"गाडी सुटत होती स्लाऊची."

"गाड्या काय, दर थोड्या वेळानं असतात. लिफ्ट तुझ्या बाजूलाच होती. स्टॅन, तो हमाल, मला त्यातूनच सोडतो दर वेळी. तुलाही सोडलं असतं त्यानं. चांगला आहे गं तो."

"मला लिफ्टची सवय नाही."

"ठाऊक आहे." सिमाचा आवाज आता सपाट झाला होता. टेबलापासून सिंकपर्यंतचा आवाज. "पण जिन्यानं का गेलीस, आई? जिन्यावर मला येता येत नाही, हे तुझ्याएवढं कुणाला ठाऊक आहे?"

सिप्पोरानं जिन्याच्या कठड्याला हात लावला. उत्तर तिच्याकडे होतं, आणि ते तिला स्वच्छ दिसत होतं. तसं एखाद्या आईनं वॉर्डात दिलं असतं, तर तिनं तिला खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं, वाट पाहिली असती, कपाळावर आठी न आणता. ती म्हणाली, "दिव्याची वेळ होत आली."

"हो. लाव दिवे. मी थांबते."

सिमानं फोन ठेवला नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि आणखी काहीतरी बारीक, चाक थोडं पुढे थोडं मागे होत असल्यासारखं. सिप्पोराची उजवी मांडी थरथरायला लागली होती. तिनं खाली पाहिलं. साडीच्या निऱ्या हलत होत्या. मागून आयझॅक आला आणि स्वयंपाकघरातली खुर्ची त्यानं हलकेच तिच्या गुडघ्यांमागे टेकवली.

"बस आता," तो म्हणाला.

सिप्पोरा फोन धरून उभीच राहिली.